शून्य गुण आणि देजाची बोलणी

रंजना पावरा हिच्यावर अन्याय झाला. कधी? गेल्या वर्षी, होळीच्या आधीच्या आठवड्यात, गुरुवारी, जेवणाची सुट्टी व्हायच्या जरा आधी. वर सातपुड्यात पावरा लोकांचे भोंगऱ्याचे बाजार भरायला लागले होते, ढोल वाजत होते. आणि खाली आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या काचेच्या फलकात शिपायानं एक कागद लावला. सहायक प्राध्यापकाच्या एका जागेसाठी आलेल्या उमेदवारांचे गुण. विषयाचं ज्ञान: रंजना पहिली. शिकवून दाखवणं: रंजना पहिली. 'विविधता आणि समाजसंपर्क': रंजना शून्य.

कमी नव्हे. शून्य.

अन्याय कुणावर आणि कधी, हे आधी सांगून टाकायची मला सवय आहे. पत्रकं लिहून लिहून लागलेली. पहिल्या ओळीत अन्याय, शेवटच्या ओळीत मागणी, आणि मधे जागा उरली तर माहिती. संपादकांनी मात्र कळवलंय की दिवाळी अंकात मधली जागा भरपूर असते. मग माहिती देते.

मी धानोऱ्याची. वडिलांची शेती, भाऊ बँकेत, आणि मी इंजिनिअरिंग कॉलेजच्या विस्तार कक्षात सहायक. कंत्राटी. विस्तार कक्ष म्हणजे जिन्याखालची खोली. तिच्यात एक टेबल, एक पंखा, गुंडाळलेले बॅनर, आणि मी. कॉलेजचं नाव लिहीत नाही. भीती वाटते म्हणून नव्हे, अजून तिथंच डबा खाते म्हणून.

आमचं काम काय, ते बाहेरच्यांना कळत नाही. घरच्यांनाही कळत नाही. सोपं करून सांगते. इंजिनिअरिंगला कोण येतं? ज्याच्या घरात आधीच कोणीतरी इंजिनिअर आहे तो, किंवा ज्याच्या बापाकडं क्लासची फी आहे तो. मुली कमी. डोंगरातली मुलं त्याहून कमी. आली तरी पहिल्या वर्षाला बावरतात, कारण घरी पावरी नाहीतर भिली बोलायची, शाळेत मराठी, आणि इथं एकदम इंग्रजी. आमची विद्यार्थी संघटना, जी मी नोकरी लागली तरी सोडली नाही, ती कित्येक वर्षं ओरडत होती, की प्राध्यापक घेताना नुसत्या पदव्या मोजू नका. या मुलांना आत आणायला आणि टिकवायला त्या माणसानं आजवर काय केलं, तेही विचारा. घेराव घातले, फाटकावर बसलो, माझा घसा तर कायमचा बसला. अखेर कॉलेजनं मान्य केलं. जाहिरातीत छापून आलं: उमेदवारानं आपल्या समाजसंपर्काच्या कामाविषयी दोन पानं लिहून द्यावीत, त्याला वेगळे गुण.

आम्ही पेढे वाटले. आणि दुसऱ्याच आठवड्यात माझा फोन वाजला.

"मॅडम, विस्तार कक्ष ना? एखादा पाडा मिळेल का?"

"कशासाठी?"

"समाजसंपर्कासाठी. रविवार चालेल. फक्त परतीची गाडी संध्याकाळची आहे, तेवढं बघा."

पुण्याकडचे सर होते, त्या जागेचे एक उमेदवार. आले. सोबत बॅनर आणला होता, त्यावर 'ग्रामीण व आदिवासी विद्यार्थ्यांसाठी तंत्रज्ञान जागृती अभियान, मौजे' आणि पुढं जागा कोरी. जो पाडा मिळेल त्याचं नाव स्केचपेननं घालायचं. मी त्यांना मिळेल त्या पाड्यावर नेलं, कारण ते माझं काम. मुलं ओळीत उभी राहिली, सरांनी 'स्वप्नं मोठी बघा' असं सांगितलं, फोटो झाला, चिक्की वाटली. मुलांना चिक्की आवडली. सरांना मुलं आवडली. गाडीतून उतरताना त्यांनी विचारलं, "त्या गावाचं नाव काय हो होतं?"

दुसरे एक सर रोबो घेऊन आमच्या धानोऱ्यालाच आले. चाकांचा, बिस्किटाच्या पुड्याएवढा. जमिनीवर पांढरा कागद पसरायचा, त्यावर काळी रेघ ओढायची, रोबो त्या रेघेवरून चालतो. पारावर गर्दी जमली. माझे वडील पुढं.

"याले कापूस येचता येस का?"

"नाही काका. हा रेघेवरून चालतो."

"रेघवर ते मन्हा बैल बी चालस. मंग हाऊ काय कामना?"

सर बिचारे चांगले होते. त्यांनी समजावून सांगितलं की यातूनच पुढं मोठी यंत्रं होतात. तेवढ्यात शेजारच्या अंगणात वाळत घातलेल्या मिरचीवरून वारा आला आणि पार एकदम शिंकायला लागला. सर शिंकले, वडील शिंकले, कागद उडाला, रोबोची रेघ गेली, आणि तो सरळ बायकांच्या घोळक्यात घुसला. इतकी गंमत धानोऱ्यात बऱ्याच दिवसांत झाली नव्हती. पोरींनी त्याला पकडलं, उलटा केला, पोटात काय आहे ते बघितलं. सरांनी ओरडायच्या ऐवजी खाली बसून त्यांना एकेक तार दाखवली. मी मनात त्या सरांना गुण दिले. निवड समितीनं कमी दिले, कारण त्या गडबडीत फोटो काढायचा राहिला.

आता रंजना. तोरणमाळच्या पलीकडं, जिथं रस्ता संपतो आणि पुढं पायानं उतरायचं, तिथला तिचा पाडा. आश्रमशाळेत शिकली, वसतिगृहात राहून डिप्लोमा, मग पदवी, मग एम.टेक. विषय विद्युत. माझी मैत्रीण झाली ती कॉलेजच्या कँटीनमध्ये भांडून, पण ते पुढं कधीतरी. तिच्या पाड्यात मागं कुठल्याशा योजनेतून सोलरचे दिवे वाटले गेले. एका पावसाळ्यात सगळे बंद. देणारे परत आले नाहीत. रंजना सुट्टीत घरी गेली की अंगणात बसून एकेक दिवा उघडायची. भोवती पोरी जमायच्या. तिनं त्यांना पान्हे-पेचकस हातात दिले. बॅटरी कशी तपासायची, पॅनेलची तार कुठं कुरतडली जाते, हे पावरीत शिकवलं. हळूहळू शेजारच्या पाड्यांतून दिवे येऊ लागले, मग गिरणीची मोटर आली, मग पाण्याचा पंप. त्या पोरींतल्या काही जणी आता डिप्लोमाला आहेत. हे सगळं तिनं दोन पानांत साधं सरळ लिहिलं होतं. फोटो नव्हते. आपल्याच अंगणाचे फोटो कोण काढतं?

समितीचा शेरा असा: 'उमेदवार त्याच समाजातील व त्याच गावातील असल्याने सदर कार्य कौटुंबिक स्वरूपाचे आहे. यास समाजसंपर्क म्हणता येणार नाही.'

आणि रविवारवाल्या पुण्याच्या सरांना सगळ्यात जास्त.

मी डबा तसाच ठेवून प्राचार्यांच्या खोलीत घुसले.

"सर, हे काय आहे?"

"स्वाती, बस आधी. चिडू नकोस. अगं, समाजसंपर्क म्हणजे आपलं वर्तुळ सोडून दुसऱ्यापर्यंत पोचणं. ती कुठं गेली? स्वतःच्या घरी."

"सर, ती डोंगर उतरून, वसतिगृहातली आमटी खाऊन, तीन भाषा पार करून तुमच्यापर्यंत पोचली. तुम्ही दुसरे नाही का?"

प्राचार्य हसले. ते वाईट नाहीत. तेच तर अवघड असतं. वाईट माणसाविरुद्ध पत्रक पटकन लिहून होतं. "नियमात बसत नाही," म्हणाले, "मी काय करू?"

नियम आमचा! आम्ही घसा फोडून आणलेला! तो ज्या मुलीसाठी आणला तिच्याच डोक्यात त्यांनी तो घातला. माझा संताप असा होता की रात्रीपर्यंत मी पत्रक लिहून, छापूनही घेतलं. मथळा: 'घरी केलेलं काम शून्य?' रंजना म्हणाली, "जाऊ दे, मी दुसरीकडं अर्ज करते." मी म्हटलं, "दुसरीकडंही तुझं घर तिथंच असणार आहे, आणि काम घरचंच ठरणार आहे." तिला ही नोकरी हवी होती कारण इथून शनिवारी घरी जाता येतं. पुण्या-मुंबईची नोकरी घेतली की दिवे पुन्हा बंद.

पत्रकं घेऊन आम्ही भोंगऱ्याच्या बाजारात गेलो. आता विचार केला तर हसू येतं. ढोल घुमतायत, बासऱ्या वाजतायत, पोरी चांदीच्या दागिन्यांनी लखलखतायत, पोरं त्यांच्याकडं बघतायत, आणि मधे आम्ही तिघं-चौघं, 'निवड प्रक्रियेतील विसंगती' वाटतोय. लोक हसून घेत होते. घेतलेलं पत्रक सरळ भजीवाल्याच्या गाडीवर जात होतं. त्यानं तर मला हाक मारून विचारलं, "ताई, अजून आहेत का? कागद चांगला जाड आहे."

वडील घरी म्हणाले, "पोरी, तू नोकरी करी ऱ्हायनी का मोर्चा काढी ऱ्हायनी?"

"दोन्ही."

"पगार ते एकनाच येस."

पण त्या भजीवाल्याचे माझ्यावर उपकार आहेत. संस्थेच्या अध्यक्षांचा ड्रायव्हर त्या बाजारात होता. अध्यक्षांना आम्ही सगळे आप्पा म्हणतो. तापीकाठचे बागायतदार, स्वतः जेमतेम शिकलेले, कॉलेज काढलेले. कागदपत्र वाचायचा त्यांना कंटाळा. ड्रायव्हरनं त्यांच्यासाठी भजी आणली, आप्पांनी भजी खाल्ली, आणि तेल पुसता पुसता खालचं वाचलं. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांना आणि मला बोलावणं.

"प्राचार्यसाहेब, सारंगखेडाना बजारमा घोडा कोनी कागद देखीसन लेस का?"

"नाही आप्पा."

"आधी फिरवीसन देखतस ना? मंग पोरगीनं काम कागदवर का देखं? वर जा. देखी या."

असा तपासणीचा दौरा ठरला. प्राचार्य, समितीतले बाहेरचे तज्ज्ञ, आणि दुभाषी म्हणून मी, कारण मला रंजनाकडून थोडीफार पावरी आली होती. तज्ज्ञ सर नागपूरकडचे, तरुण, अविवाहित, गोरे, नवा निळा शर्ट. रंजनाला आधी कळवायचं नाही, असं प्राचार्यांनी बजावलं, नाहीतर ती तयारी करून ठेवेल. आणि रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून त्यांनी पेढ्यांचा खोका घेतला, नारळ घेतला. विस्तार कक्षाची शिस्तच आहे ती. पाड्यावर जायचं तर काहीतरी वाटायचं.

होळी नुकतीच होऊन गेलेली, रंजना सणाला घरी गेलेली. घाटात प्राचार्यांना मळमळलं, तज्ज्ञ सरांनी डोळे मिटून घेतले. रस्ता संपला, उतरलो, पाड्यावर पोचलो.

मी आतापर्यंत जे लिहिलं ते विसरा आणि फक्त हे चित्र बघा. होळीनंतरचे दिवस, म्हणजे लग्नं जुळवायचे दिवस. पाड्यात पाहुणे आलेत. एक पोक्त गृहस्थ, हातात पेढे-नारळ. एक तरुण, नवा शर्ट. एक बोलणारी बाई. आणि ते पोक्त गृहस्थ पहिला प्रश्न काय विचारतात?

"रंजनाचं घर हेच का? मुलीची जरा चौकशी करायची होती. स्वभाव कसा, काम काय काय करते."

खाटा आल्या. गोधड्या अंथरल्या. पाणी आलं. रंजनाचे रूमल्याकाका डोक्याला फेटा गुंडाळत आले, शेजारची दोन-चार माणसं बोलावली गेली, झुगलीआजी दारात येऊन बसली. बायका आडून तज्ज्ञ सरांकडं बघून खुसखुसत होत्या. प्राचार्य माझ्या कानात म्हणाले, "बघ, लोकसहभाग किती आहे!"

इथं एक गोष्ट वाचकांना सांगायला हवी. पावरा लोकांत हुंडा नाही. उलटं आहे. पोराकडच्यांनी पोरीच्या घरी देज द्यायचं. का, तर घरातली एक कामाची बाई ते नेणार. म्हणून बोलणी होतात तेव्हा पोरीकडचे तिच्या कामाचा एकेक तपशील मांडतात, घासाघीस करतात, आणि त्यात लाजत नाहीत.

रूमल्याकाका बोलायला लागले. मी मराठीत सांगत होते, प्राचार्य लिहून घेत होते.

"काका म्हणतात, या पाड्यात संध्याकाळी जो दिवा लागतो तो हिच्या हाताचा."

"छान. लिहिलं."

"गिरणी बंद पडली तेव्हा बायकांना पाठीवर धान्य घेऊन घाट चढावा लागायचा. आता नाही लागत."

"वा! पुढं?"

"तिनं पोरींना शिकवलंय. त्या रोज उठून शाळेत जातात, आणि ऐकत नाहीत कुणाचं."

"ऐकत नाहीत हे लिहू का?"

"लिहा सर, ते महत्त्वाचं आहे."

तज्ज्ञ सर उठून दिवे बघून आले. झोपडीच्या वाशाला लटकवलेले, आतली जोडणी नीट, तारांना रंगीत दोऱ्यांच्या खुणा. एका बारक्या पोरीनं त्यांच्यासमोर दिवा उघडून बंद करून दाखवला. सर चक्रावून परत आले. "अहो, हे काम पक्कं आहे," म्हणाले.

काका मग जरा पुढं सरकले. म्हणाले, अशी पोरगी गेली तर आमचं नुकसान आहे, तेव्हा आम्ही कमी घेणार नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पोटात एकदम हसण्याचा गोळा आला.

"काय म्हणाले?" प्राचार्यांनी विचारलं.

"म्हणाले, तिला कमी लेखून चालणार नाही."

"बरोबर आहे त्यांचं," प्राचार्य म्हणाले आणि मान डोलावली. मान डोलावलेली बघून काकांनी आणखी वाढवलं.

मी गप्प बसले. चळवळीत मी पुष्कळ बोलले आहे, पण माझं सगळ्यात चांगलं काम म्हणजे ते गप्प बसणं. कारण जे सांगितलं जात होतं ते सगळं खरं होतं, डोळ्यांसमोर होतं, आणि आजवर पहिल्यांदा कोणीतरी ते पूर्ण किमतीला मांडत होतं.

मग काका तज्ज्ञ सरांकडं वळले. डोंगर चढता येतो का? सर प्रामाणिक. म्हणाले, गुडघा दुखतो. काका म्हणाले, मग पोरगी याला उचलून नेणार का? बायकांत हशा. झुगलीआजीनं दारातूनच खणखणीत आवाजात विचारलं, आधीची बायको आहे का?

हे मात्र मी जसंच्या तसं सांगितलं. मला राहवेना.

तज्ज्ञ सरांचे कान लाल. प्राचार्य गंभीर होऊन म्हणाले, "हा प्रश्न निवड समितीच्या कक्षेत येत नाही."

त्याच वेळी ओढ्याकडून रंजना आली. खांद्यावर पाण्याची नळी, हातात पान्हा, हाताला ग्रीस. प्राचार्यांना गोधडीवर बघून जागीच थांबली.

"सर? तुम्ही?"

मग तिचं लक्ष पेढ्यांकडं गेलं, नारळाकडं गेलं, काकांच्या फेट्याकडं गेलं. तज्ज्ञ सरांच्या शर्टाकडं गेलं. आणि ती मटकन खाली बसली. मला वाटलं रडतेय. हसत होती. नळी, पान्हा सगळं टाकून, पोट धरून हसत होती. मला बघून म्हणाली, "स्वाती, तू काय केलंस हे!"

"मी काहीच केलं नाही. मी भाषांतर करतेय."

तिनं पावरीत सगळं सांगितलं. मग झुगलीआजीला हसू फुटलं, तिच्यामागं अख्ख्या पाड्याला. प्राचार्यांना मी मराठीत सांगितलं तेव्हा त्यांनी आधी वहीकडं पाहिलं, मग तज्ज्ञ सरांकडं, आणि मग तेही असे हसले की खाट करकरली. फक्त रूमल्याकाका हसले नाहीत. ते म्हणाले, "नोकरीला नेताय? मग तर जास्त पाहिजे. नवरा एकदाच नेतो, तुम्ही रोज नेणार."

पेढे वाटले गेले. हसणं ओसरल्यावर रंजना हात पुसत प्राचार्यांसमोर बसली.

"सर, या देजाशी माझं भांडण आहे. माझी बोली लावलेली मला चालणार नाही, हे काकांना मी आधीच सांगितलंय. ते भांडण मी इथं राहून भांडेन. पण एक बघा. आमच्यात बाईनं घरात केलेल्या कामाला शून्य कोणी म्हणत नाही. ते फक्त खाली ऐकलं."

प्राचार्यांनी वही मिटली. परतीच्या घाटात त्यांना मळमळलं नाही. शेवटच्या वळणावर एवढंच म्हणाले, "त्या पुण्याच्या सरांच्या बॅनरवर गावाचं नाव पेननं लिहिलं होतं. मी पाहिलं होतं ते."

अहवाल दोघांनी मिळून लिहिला. मी तो टाइप केला, म्हणून मला तोंडपाठ आहे. शून्य खोडलं. पूर्ण गुण दिले. शेऱ्यात लिहिलं की ज्या समाजापर्यंत पोचायचं, त्याच समाजातून येऊन तिथंच काम करणं हा या निकषाचा अपवाद नसून गाभा आहे. तज्ज्ञ सरांनी खाली सही करताना विचारलं, "काकांना माझा नमस्कार सांगशील?" रंजना यादीत पहिली आली. मी वडिलांना सांगितलं तर ते म्हणाले, "मंग तिले जागा भेटनी का?"

नाही भेटली. अजून नाही. अहवाल संस्थेकडं गेला, त्यावर आप्पांची सही हवी, आणि आप्पा कागद वाचत नाहीत. मी दोनदा फाईल त्यांच्या टेबलावरच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवून आले. ती दोनदा खाली गेली. रंजना त्याच कॉलेजात, त्याच विभागात, तासिका तत्त्वावर शिकवते. तास झाला तर पैसे, सुट्टी लागली की तीही बंद. शनिवारी घाट चढते, सोमवारी उतरते. तिच्या वर्गात मागच्या बाकावर डोंगरातल्या दोन पोरी आहेत. एखादा शब्द अडला की त्या पावरीत विचारतात आणि ती पावरीत सांगते. अख्ख्या इमारतीत हे दुसऱ्या कुणाला जमत नाही. गेल्या आठवड्यात तिला गुजरातेतल्या एका कॉलेजचं बोलावणं आलं. कायमची जागा. दिवाळीनंतर उत्तर द्यायचंय. तिनं मला ते दाखवलं आणि कँटीनमध्ये चहा सांगितला. मी चिडले नाही. तिचा हक्क आहे. पण ती गेली तर त्या दोन पोरी मागच्या बाकावरून कुठं जातील, ते मला माहीत आहे, आणि तुम्हालाही माहीत आहे.

आता मागणी. वाचकहो, ती तुमच्याकडं आहे. तुमच्या जवळ जे कॉलेज असेल तिथं जा आणि विचारा, आपल्याच पाड्यात, आपल्याच वस्तीत काम केलेल्याला तुम्ही किती गुण देता. शून्य म्हणाले तर उठू नका. आणि जे आमच्या जिल्ह्यात राहतात, त्यांनी एक जास्तीचं काम करायचं. आप्पा छापील कागद वाचत नाहीत, पण भज्यांखालचा वाचतात. हे मी अनुभवानं सांगते. तेव्हा हा अंक जपून ठेवू नका. ही पानं फाडा, त्यांत गरम भजी बांधा, आणि दिवाळीची सुट्टी संपायच्या आत आप्पांकडं पाठवा.